ओल्या मेढींचा मांडव

ही पाहा, साल निघाली. नखाने निघाली. आत अजून ओल आहे.

सूर्यभान, माझा सदरा सोड. तुझ्या भावाने माझं नाव पुकारलं म्हणून मी उठलो. आता बोलून झाल्याशिवाय बसायचा नाही. हार तबकातच राहू दे. या मेढीला, मांडवाच्या या खांबाला धरूनच बोलतो, म्हणजे मागच्या लोकांनाही कळेल मी कशाबद्दल बोलतो आहे.

अध्यक्ष रामरावजी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते रेंजर खुशालराव, आजच्या सभेचे यजमान, सूर्यभानचे थोरले बंधू आणि आमच्या गावचे पाटील उत्तमराव, ज्यांना खुर्ची मिळाली ते पाहुणे, ज्यांना सतरंजी मिळाली ते गावकरी आणि ज्यांना यांतलं काहीच मिळालं नाही म्हणून ज्या दोरीपलीकडे उभ्या आहेत त्या आयाबहिणी, सर्वांना शेषराव माळ्याचा नमस्कार.

दोन शब्द बोला, असं मला सांगितलं होतं. दोन शब्दांत भागलं असतं तर मीही सुखात राहिलो असतो.

माझ्या आधी चौघे बोलले. चांगलं बोलले. एकाने खुशालरावांना वनदेवतेचे पुत्र म्हटलं. दुसऱ्याने सांगितलं की त्यांनी आमच्या बरडावर हजारो झाडं लावली. टाळ्या पडल्या. टाळ्या पडत होत्या तेव्हा मी खुशालरावांकडे पाहत होतो. ते पायांतल्या जोड्यांकडे पाहत होते. त्यांनी बरडावर एकही झाड लावलेलं नाही. एकही नाही. मी धंद्याने माळी आहे, लावलेलं झाड मला ओळखू येतं. समोर बसलेल्या निम्म्या लोकांनी ते रान डोळ्यांदेखत उगवताना पाहिलं आहे. तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्या माणसाचा सत्कार करायचा त्याने काय केलं, हे माहीत करून घ्यायचीही आपल्याला गरज वाटत नाही काय?

अध्यक्ष भातकुलीहून आले आहेत. तिकडे नजर जाईल तिथवर काळी जमीन. त्यांना आमचं बरड माहीत नसणार, म्हणून थोडक्यात सांगतो. गावाच्या वर दगडाळ चढण आहे, त्याला आम्ही बरड म्हणतो. त्यावर रान होतं. साग, धावडा, अंजन, तेंदू. त्याच्या पोटातून नाला निघतो आणि आम्हा माळ्यांच्या मळ्यांना लागून खाली जातो. जर्मनच्या लढाईत रेल्वेच्या कोळशाच्या वाघिणी यायच्या बंद झाल्या. इकडे कापूस तर आलेला. सरकी काढणाऱ्या जिनांच्या भट्ट्यांना सरपण पाहिजे होतं. अकोल्याचा एक ठेकेदार आला. दोन हिवाळ्यांत त्याने बरड भादरून नेलं. झाडं गेली जिनाच्या भट्टीत, आणि त्या भट्टीवर सरकी काढलेला कापूस गेला लढाईवर की कुठे, ते मला माहीत नाही. गाड्या आपल्याच गावच्या होत्या. बैलही आपलेच.

तोडणाऱ्यांनी वाकायला नको म्हणून झाडं कंबरेशी तोडली. घाईत तोडली. खुंट फाटले, चिरफळ्या लोंबत राहिल्या. त्यात पाणी साचून ते कुजायला लागले. रानात उभं राहिलं तर जत्रेनंतरच्या मैदानासारखं वाटायचं, फक्त इथे खुंट होते. पुढच्या पावसाळ्यात बरडाची माती नाल्यात आली आणि आमच्या मळ्यांवर बसली. जो नाला चैत्रापर्यंत वाहायचा तो संक्रांतीला कोरडा पडला. माझी आई मनकर्णाबाई पाटलांच्या विहिरीवरून घागरीने वांग्यांना पाणी घालायची. वांग्यांना घागरीने. तिच्या बरोबरीचे किती माळी कुदळ खांद्यावर टाकून परक्याच्या रोजाला गेले ते इथे बसलेल्यांनी एकमेकांना विचारावं.

त्या दिवसांत खुशालराव आमच्याकडे जंगलखात्याच्या राउंडावर नेमून आले. मिशी नुकती फुटलेली, घोडं भाड्याचं. गावाने त्यांना चावडीत बसवलं आणि दोन मागण्या केल्या. आम्ही म्हणालो, सरकारातून रोपं आणा आणि लावून द्या. पाटलांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणाले, रान तर मेलंच आहे, आता जमीन वाटून द्या, कपाशी करू. खुशालराव वर जाऊन आले, दिवसभर फिरून आले, आणि म्हणाले, "झाडं मेलेली नाहीत, तोडलेली आहेत."

एवढंच म्हणाले. हे वाक्य मला त्या दिवशी कळलं नाही. कोणालाच कळलं नाही.

मग त्यांनी सांगितलं, खुंट जमिनीलगत साफ कापा, उतार ठेवून कापा म्हणजे पाणी थांबणार नाही. कापून झालं की काटे लावा, खाली या, आणि वर जाऊ नका. हिरव्याला कुऱ्हाड नाही, शेळी नाही, गाय नाही. गवत विळ्याने कापून डोक्यावर आणायचं. आमच्यातले काही जण कुऱ्हाडी घेऊन गेले. सूर्यभान बांधावर उभा राहून म्हणाला होता, "सायेब मेलेल्याची हजामत करून राह्यले. चला, दाढी बी करून द्या." गाव आठ दिवस त्यावर हसलं. सूर्यभान, हसतोस काय? आठवतं म्हणून हसतोस ना? मलाही तेव्हा हसू आलं होतं. विनोद चांगला होता.

पुढच्या आषाढात एकेका खुंटातून खराट्यासारखे फुटवे आले. वर पानं आणि खाली पन्नास वर्षांची मुळी. रोपाला अशी मुळी कुठून मिळणार? तिसऱ्या वर्षी खुशालरावांनी एका खुंटावर एक-दोन सरळ फुटवे ठेवून बाकीचे काढायला लावले. पळस मुळांतून उठला. अंजनाचं बी वाऱ्याने आलं, तेंदूचं पाखरांनी आणलं. कोणी लावलं नाही, कोणी पाणी घातलं नाही. मधली काही वर्षं ते बदलीवर होते, पण पुन्हा रेंजर होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी घरी न जाता बरडावर गेले. आज नाल्यात पाणी आहे. चैत्र चालू आहे आणि माझ्या संत्र्यांच्या खालच्या डोहात गुरं उतरतात. खुशालरावांनी काय केलं, असं मला विचाराल तर मी सांगेन, त्यांनी आपल्याला काही करू दिलं नाही.

ही सोपी गोष्ट वाटते का तुम्हाला? या गावाला विहीर खणायला सांगा, गाव खणेल. देऊळ बांधायला सांगा, वर्गणीच्या आधी दगड येतील. पण वर्षानुवर्षं एका जागी काही करू नका म्हणून सांगा. रोज सकाळी उठून न करणं, चुलीला लाकूड नसताना न करणं, बैल हंबरत असताना न करणं. त्याची कुठे पाटी लागत नाही. त्याला कोणी फीत कापायला येत नाही.

ते कोणी केलं? मी एक नाव घेतो. गंगूबाई. तिकडे दोरीपलीकडे उभी आहे, मांडवात तिला जागा नव्हती. नवरा गेल्यावर तिचं घर शेळ्यांवर चालायचं आणि शेळ्या बरडावर चालायच्या. बरड बंद झालं तेव्हा तिने शेळ्या परतवाड्याच्या बाजारात नेऊन विकल्या. दुधाला एक ठेवली. तुमच्यापैकी कोणी तिला विचारलं नव्हतं की तू काय खाशील. ती लोकांच्या कापसाला गेली. मग एक वर्ष पाऊस कमी झाला, गावात हिरवं पान राहिलं नाही, आणि ती एक शेळी काट्यातून आत शिरली. दोन फुटवे खाल्ले. शेळी कोंडवाड्यात गेली. गंगूबाई चावडीवर आली, पाया पडली. उत्तमराव, तुम्ही गादीवर बसला होता. तुम्ही जे म्हणालात ते मला तोंडपाठ आहे. "नियम म्हंजे नियम, गंगूबाई. आज तुही शेळी, उद्या माहा बैल. मंग रान राह्यलं कुठं?"

दंड भरायला तिने पायातलं चांदीचं मोडलं.

मी त्या दिवशी चावडीत होतो. उत्तमराव बरोबर बोलले होते. मी आजही म्हणतो, बरोबर बोलले होते. एका शेळीला सोडलं असतं तर दहा आल्या असत्या. त्या निकालामुळे रान वाचलं, आणि तो निकाल देणारा माणूस आपला पाटील आहे याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. म्हणूनच आज मी या मेढीला धरून उभा आहे.

दुपारी मी झेंडूची फुलं घेऊन इथे आलो. मांडव उभा होता. वर जांभळीचे डहाळे, खाली या मेढी. सरळ, मनगटाएवढ्या, साल न काढलेल्या. साग आणि धावडा. बाजारात असं लाकूड मिळत नाही. बाजारात येतं ते वाळलेलं, वाकडं, कोणाच्या तरी गोठ्यातलं. मी सूर्यभानला विचारलं, हे कुठून आणलं? तो लपवायला लागला असता तर बरं झालं असतं. तो खुशीत होता.

म्हणाला, "कुठून म्हंजे? बरडावरून. रेंजर सायबाचाच मांडव हाय ना, शेषराव? मंग त्यायच्याच रानाचं लाकूड नको का?"

मी म्हटलं, परतवाड्याला बांबू मिळतात.

म्हणाला, "भाड्याच्या बांबूत मान नाई. त्यायनं राखलेलं रान त्यायच्या डोक्यावर उभं करून दाखवतो. सायेब खूश होतीन."

मी विचारलं, पाटलांना माहीत आहे?

"दादानंच सांगतलं. म्हणे, सरळ सरळ पाहून आन."

हे ऐकून मला काय वाटलं ते इथे बायामाणसं आहेत म्हणून सांगत नाही. दुष्टपणाने तोडलं असतं, विकायला तोडलं असतं, तर माझं काम सोपं होतं. मान म्हणून तोडलं. ज्या माणसाने आयुष्यातली चांगली वर्षं एक फुटवा वाचवण्यात घालवली, त्याचा मान करायला आपण त्यातले सगळ्यांत सरळ फुटवे निवडून तोडले. वाकडे ठेवले. बी धरून जे उद्याचं रान होणार होतं ते आणून खड्ड्यात रोवलं आणि वर पताका लावल्या. असा मान करणारं गाव या वऱ्हाडात दुसरं असेल असं मला वाटत नाही.

काय म्हणता, उत्तमराव? मोठ्याने म्हणा, सगळ्यांना ऐकू द्या. उत्तमराव म्हणतात, "पाव्हण्याइसमोर घरचं धुनं काहून धुऊन राह्यला, शेषराव?"

कारण पाहुणे त्याच्याखाली बसले आहेत, पाटील. आणि ज्याला कळायचं त्याला मी बोलण्याआधीच कळलं आहे. खुशालराव संध्याकाळी मांडवात शिरले तेव्हा वाजंत्री वाजत होती, तुम्ही हार पुढे केला होता. त्यांनी पहिल्या मेढीला हात लावला. वर पाहिलं. मग दुसऱ्या मेढीकडे पाहिलं. तुम्हाला वाटलं, ते सजावट बघताहेत. त्यांनी मान वाकवली आणि हार घालून घेतला. जंगलखात्यातला माणूस, ओला खुंट अंधारात पायाला लागला तरी त्याला कळतो. तासाभरापासून ते या लाकडांखाली बसून स्वतःची स्तुती ऐकत आहेत. याहून वाईट वागणूक त्यांना त्या अकोल्याच्या ठेकेदाराने दिली नव्हती. त्याने निदान शाल पांघरवली नाही.

आता मुद्दा सांगतो, कारण जेवणं खोळंबली आहेत आणि वासही येतो आहे.

उद्या सकाळी खुशालराव नव्या रेंजरांना काम सोपवणार आहेत. नवे रेंजर परतवाड्याहून येतील, आणि दोघे मिळून बरड फिरतील. बरड आपल्या हाती आहे ते सरकारशी झालेल्या एका करारावर. हिरवं लाकूड तुटणार नाही, तोवर राखण गावाची, गवत गावाचं, आणि बरड विक्रीला काढायचं नाही. हिरवं तुटलेलं दिसलं आणि तोडणारा पुढे आला नाही, तर करार मोडला. मग बरडाचे तुकडे पडतील आणि लिलाव होईल. तुम्हाला वाटतं, घेणारे नाहीत? मागच्या महिन्यात दोन माणसं बरडाखाली छत्र्या घेऊन उभी होती. मी विचारलं, काय पाहता? म्हणाले, सहज. सहज कोणी धावड्याचा घेर वितीने मोजत नाही.

म्हणजे उद्या सकाळी खुशालरावांपुढे दोन वाटा आहेत. वरचे ताजे खुंट नव्या साहेबांना दाखवायचे, तर ज्या गावाने काल शाल दिली त्याचं रान आज आपल्या हाताने घालवायचं. आणि दाखवायचे नाहीत, दुसऱ्या वाटेने फिरवून आणायचं, तर नोकरीच्या इतक्या वर्षांत जे केलं नाही ते खोटं जाता जाता करायचं. निरोपाची भेट म्हणून आपण त्यांना काय दिलं? शाल, नारळ आणि खोटं.

थांबा. गंगूबाई काही बोलते आहे. तिला बोलू द्या, सूर्यभान, तिने तुझ्या मांडवाचं काही खाल्लेलं नाही.

ऐकलंत? ती म्हणते, "मायी शेळी पाला खाऊन घरी वापस आली असती, बाप्पा. ह्या मेढी काय वर वापस जातीन?"

हसू नका. ती हसण्यासारखं बोललेली नाही. आणि उत्तमरावांना लागावं म्हणूनही बोललेली नाही. तिला खरंच विचारायचं आहे. तिने पायातलं मोडलं ते याच रानासाठी ना? मग तिला आज उत्तर कोण देणार? अध्यक्ष देतील? मी देऊ? शेळीला नियम आणि मांडवाला मान, असं काही आपल्यात ठरलं होतं का? ठरलं असेल तर मला माहीत नाही. मी माळी आहे, मला सभेला बोलावलं जातं ते फुलांसाठी.

उत्तमराव, तुम्ही मान खाली घालू नका. तुम्हाला मी लहानपणापासून दादा म्हणतो. तुमच्या विहिरीवरून माझ्या आईने घागरी नेल्या, तुम्ही कधी अडवलं नाही. उद्या सकाळी नवे रेंजर घोड्यावरून उतरण्याच्या आत तुम्ही चावडीवर जा. सूर्यभानला पाठवू नका, कोतवालाला पाठवू नका. स्वतः जा. सांगा, माझ्या सांगण्यावरून तोडलं. नाव लिहून द्या. दंड होईल. पाटलाला दंड झाला म्हणून गावात चर्चा होईल. होऊ द्या. गंगूबाईची झाली होती.

आणि तुम्ही गेला नाहीत तर मी जाईन. तुमचं नाव मी घेणार नाही, ते तुमचं तुम्ही घ्यायचं. मी फक्त खुशालरावांबरोबर वर चढेन आणि जिथे ताजे खुंट आहेत तिथे उभा राहीन. नव्या साहेबांनी विचारलं, हे कोणी तोडलं, तर मी गावाकडे बोट करीन. सगळ्या गावाकडे. मग ज्याला जे भोगायचं ते भोगू. मळा तर माझाही जाईल.

ज्यांनी कुऱ्हाड चालवली त्यांना आणखी एक सांगायचं आहे. मी दुपारी वर जाऊन आलो. तुम्ही गुडघ्याच्या वर तोडलं आहे आणि घाईत मुरगळून मोडलं आहे. ठेकेदाराच्या माणसांनीही असंच केलं होतं. उद्या त्याच कुऱ्हाडी घेऊन या, धार लावून या. खुंट जमिनीलगत, उतार ठेवून साफ करायचे आहेत. हजामत करायची आहे, सूर्यभान. ये आणि काय म्हणायचं ते म्हण, पण वाकून कर.

खुशालराव, तुमच्याबद्दल मी फार कमी बोललो. निरोपाच्या सभेत निघणाऱ्याबद्दल बोलायचं असतं, आणि मी राहणाऱ्यांबद्दलच बोललो. तुम्ही ज्या नव्या ठिकाणी जाल तिथेही तोडलेलं रान असेल आणि तिथलेही लोक रोपं मागतील. त्यांना तुमचं ते वाक्य सांगा. आणि कधी त्यांनी तुमचा सत्कार ठरवला, तर मांडव कशाचा घालणार ते आधी विचारून घ्या.

सभेने मला बोलू दिलं, अध्यक्षांनी घंटा हातात असून वाजवली नाही, याबद्दल दोघांचा आभारी आहे. स्वयंपाक करणाऱ्या बायांचं अन्न माझ्यामुळे निवलं, त्यांची माफी मागतो. कोणाला शब्द लागला असेल तर त्याने तो माझ्या अडाणीपणाच्या नावावर टाकावा. जे सांगितलं त्याला मात्र माझी माफी नाही.

मला हार नको. मी बसतो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तमराव चावडीवर गाडी घेऊन आले. मांडव रात्रीच सोडला होता, मेढी गाडीत होत्या. त्यांनी खुशालरावांना नाव सांगितलं. खुशालरावांनी पंचनामा लिहिला, उत्तमरावांनी सही केली. आम्ही काही जण कुऱ्हाडी घेऊन वर गेलो. सूर्यभान उशिरा आला, पण आला. ऊन चढेपर्यंत खुंट साफ झाले आणि गंगूबाईने त्यांच्याभोवती काटे टाकले. नव्या रेंजरांनी खुंट पाहिले, उत्तमरावांना दंड केला आणि यंदाचं गवत बंद केलं. कराराचं विचारलं तेव्हा म्हणाले, श्रावणात येईन, हे खुंट फुटले आहेत की नाही ते पाहीन, मग सांगेन.